न मोडता तपासणारे

हिंजवडीत रोज येणाऱ्या कितीतरी जणांना आपलं ऑफिस मुळशी तालुक्यात आहे हे ठाऊकच नसतं. मुळशी म्हणजे पावसाळ्यात ताम्हिणीला जाताना लागणारं धरण, संपलं. पण याच तालुक्यात पिरंगुट, उरवडे, कासारआंबोली या पट्ट्यात लहानमोठे कारखाने आहेत. आणि जिथे वेल्डिंग, कास्टिंग, फोर्जिंग चालतं, तिथे कधी ना कधी एक माणूस पेटी घेऊन येतो. एनडीटीवाला. नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, म्हणजे वस्तू न मोडता तिच्या पोटातली चीर शोधायची. आपल्याकडे टेस्टिंगमध्ये काही सुटलं तर पॅच काढता येतो. याला ती सोय नाही.

कल्पना तशी जुनीच. माठ घेताना आजी टिचकी मारून बघते ना? खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. रेल्वेत गाडीच्या चाकांवर हातोडी मारत जाणारा माणूस हेच करायचा. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीचा आस मोडला, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि लोखंडही 'थकतं' हे इंजिनियर लोकांनी मनावर घेतलं. मग रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये एक साधी युक्ती आली. सुटा भाग तेलात बुडवायचा, पुसायचा आणि वर खडूची पांढरी पूड फासायची. चिरेत मुरलेलं तेल हळूहळू पुडीवर उमटतं. आजची डाय पेनेट्रंट टेस्ट हीच, फक्त तेलाच्या जागी लाल रंग आणि खडूच्या जागी डेव्हलपरचा स्प्रे.

आता मुळशीकडे येऊ. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच. (तो विषय एवढा मोठा आहे की त्यावर वेगळं लिहायला हवं.) धरण झालंच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. मुळेचं पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळवून घाटाखाली सोडलं. उतार साधारण ५०० मीटरचा. म्हणजे खाली पाइपच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ५० किलोचा दाब, आपल्या कारच्या टायरमधल्या हवेच्या वीस-पंचवीस पट. ही वीज मुंबईला जायला लागली तेव्हा लोखंडाच्या आत बघणारं, हातात धरून नेण्यासारखं यंत्र कुठल्याच कारखान्यात नव्हतं. क्ष-किरण १८९५ मध्येच सापडले होते, पण डोंगरउतारावर ते नेणार कसे? त्या काळची मुख्य परीक्षा म्हणजे पाइपमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाने पाणी भरायचं आणि गळतंय का बघायचं. यातून आज पाइप टिकतोय एवढंच कळतं. आतून गंजून पत्रा किती पातळ झालाय ते कळत नाही.

त्याचं उत्तर आवाजाने दिलं. सोव्हिएत युनियनमध्ये सोकोलोव्हने १९२८ च्या सुमारास अल्ट्रासोनिक लहरींनी धातू तपासण्याची कल्पना मांडली, अमेरिकेत फायरस्टोनने १९४० मध्ये प्रतिध्वनीवर चालणाऱ्या यंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो. १० मिलिमीटर जाड पत्र्यातून जाऊन परत यायला त्याला साडेतीन मायक्रोसेकंद पुरतात. वेळ मोजा, जाडी कळते, आणि तीही बाहेरच्या बाजूने. प्रोब आणि पत्रा यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून तेल किंवा ग्रीस लावतात, त्यामुळे एनडीटीवाल्याचे हात कधी स्वच्छ नसतात.

रेडिओग्राफीची गोष्ट मात्र वेगळी. ट्रॉम्बेला १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, आणि पुढे औद्योगिक वापराचे किरणोत्सारी स्रोत देशातच तयार व्हायला लागले. इरिडियम-१९२ ची गोळी जेमतेम काही मिलिमीटरची असते. ती 'कॅमेरा' नावाच्या जड पेटीत बंद असते, लांबून क्रँक फिरवून नळीतून बाहेर काढायची आणि तशीच परत आत घ्यायची. दर ७४ दिवसांनी तिचा जोर अर्धा होतो, म्हणून एक्स्पोजरचं गणित सारखं नव्याने मांडावं लागतं. बाकीची शिफ्ट घरी गेली की हे काम करणं सोयीचं, त्यामुळे बऱ्याचदा रात्री. दोरी बांधायची, दिवा लावायचा, छातीवर डोस मोजणारा टीएलडी बॅज. गोळी आत आली असं नुसतं मानायचं नाही, मीटर घेऊन बघायचंच. १९८४ मध्ये मोरोक्कोत अशीच एक गोळी सुटून पडली. कुणीतरी ती घरी नेली आणि आठ माणसं दगावली.

तरी माझ्या मते या पेशाची खरी कसोटी किरणोत्साराची नाही, कंटाळ्याची आहे. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचं डीसी-१० विमान कोसळलं, ११२ जण गेले. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली होती. ती चकती आधीच्या ओव्हरहॉलमध्ये पेनेट्रंटने तपासलेली होती. गंमत नव्हे, शोकांतिका अशी, की चिरेच्या पृष्ठभागावर त्या तपासणीच्या रसायनाचे अंश सापडले. म्हणजे चीर तेव्हाही होती, रंग तिच्यात शिरलाही होता. बघणाऱ्याला दिसली नाही, एवढंच. चौकशी मंडळाने तपासणीतल्या मानवी मर्यादांवर बोट ठेवलं. दिवसभर शेकडो निर्दोष भाग बघितल्यावर शेवटचाही तितक्याच नजरेने बघणं हेच ते काम.

म्हणून लेव्हल एक, दोन, तीन अशा पायऱ्या आहेत, आणि जवळचं नीट दिसतंय का याची डोळ्यांची तपासणी दरवर्षी. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेला मुलगा आधी लेव्हल दोनच्या हाताखाली यंत्र लावायला शिकतो. पास की रिजेक्ट हा शेरा लेव्हल दोनचा. आणि इथे खरी गोम आहे. एनडीटीवाला बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीचा असतो, आणि अनेकदा बिल देणारा तोच, ज्याचा जॉइंट याने रिजेक्ट करायचा असतो. ट्रक दारात उभा, डिस्पॅच आजच, आणि फिल्मवर केसाएवढी काळी रेघ. वेल्डर म्हणतो फिल्मवर ओरखडा आहे, सुपरवायझर म्हणतो चालून जाईल. अशा वेळी चाळिशीच्या आतला, खाली ग्रीसचे हात असलेला हा माणूस म्हणतो, पुन्हा शॉट घेऊ. आणि तो घेईपर्यंत ट्रक थांबतो.