एकाच रंजनातून दोन मेंदू: दृष्टिपटलाने सोडवलेला वाद

१/ डिसेंबर १९०६, स्टॉकहोम. वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथमच दोघांत विभागले गेले: इटलीचे कामिल्लो गॉल्जी आणि स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल. गॉल्जींनी आपल्या व्याख्यानात काहाल ज्या सिद्धान्ताचे प्रमुख पुरस्कर्ते होते, त्याच सिद्धान्तावर टीकेची झोड उठवली. असे का घडले? 🧵

२/ प्रश्न मूलभूत होता. मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या तंतूंचे अखंड जाळे, की स्वतंत्र पेशींची रचना? गॉल्जी अखंड जाळ्याच्या बाजूचे होते. तत्कालीन अनेक मान्यवरांचे मतही तेच होते.

३/ गंमत अशी की, या वादातले शस्त्र गॉल्जींनीच घडवले होते. १८७३ मध्ये त्यांनी पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून ऊतक रंगवण्याची पद्धत शोधली. तिच्यात मोजक्याच पेशी काळ्या होतात. पण ज्या होतात, त्या शाखा-उपशाखांसह संपूर्ण दिसतात.

४/ काहाल यांनी ही पद्धत १८८७ मध्ये माद्रिदला पाहिली. पुढच्याच वर्षी बार्सिलोनात त्यांनी तिच्यात सुधारणा केली: ऊतक दोनदा रंगवायचे आणि भ्रूणांचे वा कोवळ्या प्राण्यांचे घ्यायचे, कारण त्यांच्या तंतूंवर अजून मायलिनचे आवरण चढलेले नसते. त्यांना तंतूंची मोकळी टोके दिसली. पेशी एकमेकींना भिडत होत्या, मिसळत नव्हत्या.

५/ या शोधात दृष्टिपटलाचे महत्त्व असाधारण ठरले. तेथे पेशींचे थर सुबकपणे मांडलेले असतात आणि संदेशाची दिशाही निःसंशय ठाऊक असते: प्रकाशग्राही पेशींकडून द्विध्रुवी पेशींकडे, तेथून गुच्छिका पेशींकडे आणि पुढे मेंदूकडे. पेशीच्या कोणत्या टोकाने संदेश आत येतो आणि कोणत्या टोकाने बाहेर जातो, हे काहाल यांना येथे ताडता आले. त्यांच्या आकृत्यांतले बाण हीच दिशा दाखवतात.

६/ १८८९ मध्ये ते आपली काचपट्टिका-नमुने घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेले. ज्येष्ठ शरीररचनाशास्त्रज्ञ कोलिकर यांनी ते पाहिले आणि त्यांचे मतपरिवर्तन झाले. गॉल्जी मात्र अखेरपर्यंत ठाम राहिले. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधली सूक्ष्म फट दाखवली, तेव्हा वाद मिटला.

७/ या निकालाचे मोल पुढे कळले. पेशी सुट्या असतील, तरच ‘कोण कोणाशी जोडलेले आहे’ हा प्रश्न संभवतो. १९८६ मध्ये ३०२ चेतापेशींच्या एका कृमीचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी तोच नकाशा, वीजवाहिन्यांचे जाळे आणि चित्रपट-कलावंतांचे सहकार्य शेजारी ठेवून तपासले. तिन्हींत एकच गुण आढळला: शेजारी घट्ट बांधलेले, तरीही कोणत्याही दोन बिंदूंमधली वाट आखूड.

८/ २०१३ मध्ये उंदराच्या दृष्टिपटलातील ९५० पेशींच्या जोडण्या उलगडल्या. त्यासाठी दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी संगणकावर तंतू रेखले. काहाल डोळ्यांनी पाहून हाताने रेखाटत. सव्वाशे वर्षांनंतरही मानवी नजरेवाचून भागले नाही.

९/ आणि गॉल्जी? दृष्टिपटलातल्याच काही पेशी सूक्ष्म मार्गिकांतून एकमेकींना थेट विद्युत-संदेश देतात, हे आज सिद्ध आहे. पेशी वेगळ्या, तरी त्यांच्यात दारे उघडी. पराभूत सिद्धान्तातही सत्याचा अंश असू शकतो. म्हणून इतिहास वाचताना केवळ विजेत्याचे व्याख्यान वाचून थांबू नये.