चौलचा तट आणि चौलचा माग



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिलेला विषय ‘मोठ्या राष्ट्रांची आर्थिक स्पर्धा आणि शस्त्रांवरील खर्च’ असा आहे. विषय भारी आहे आणि मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढची तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली, आणि जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. म्हणून दूरच्या राजधान्यांपासून आरंभ न करता मी आपल्या घराजवळून आरंभ करणार आहे. अलिबागेच्या दक्षिणेस पाच कोसांवर चौल आहे, त्याला लागून रेवदंडा, आणि कुंडलिकेच्या मुखाशी पलीकडच्या डोंगरावर कोरलईचा किल्ला. आज तेथे गेले की नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराची पुष्करणी आणि काळा पडलेला तट एवढेच दिसते. परंतु एके काळी लिस्बन, कैरो, अहमदनगर आणि पुढे लंडन येथील दरबारांत या गावाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला जात होता.

गाव फार जुने. टॉलेमीने त्याला सिमुल्ला म्हटले, कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ते चेमुला आहे आणि अरबांनी त्याचे सैमूर केले. बगदादचा अल्-मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आला तेव्हा राष्ट्रकूटांचा मांडलिक झंझ हा शिलाहार राजा होता. अरब, इराणी आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान त्या वेळी गावात राहत होते, असे तो लिहितो. राजा हिंदू, व्यापारी निरनिराळ्या धर्मांचे, आणि कोणाचे कोणावाचून अडत नव्हते असे थोडेच? सर्वांचेच सर्वांवाचून अडत होते, म्हणून बंदर चालत होते.

या बंदरात येणारा एक महत्त्वाचा माल कोणता, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. तो माल म्हणजे घोडा. अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यास उभे आहे. तो बरोबर विकण्यासाठी एक घोडा घेऊन आला होता. जुन्नरला असदखानाने तो घोडा काढून घेतला आणि मोठ्या खटपटीने तो त्यास परत मिळाला. एका घोड्यासाठी सरदाराने एवढा लोभ का धरावा? कारण दख्खनच्या हवेत लढाईच्या जातीच्या घोड्याची पैदास नीट होत नसे. बहमनी सुलतान असोत की विजयनगरचे राय असोत, अरबस्तान व इराणातून दरसाल घोडे आणवल्याशिवाय त्यांचे घोडदळ उभे राहत नसे. घोडा लढाईत मरे, नाही तर म्हातारा होई, की पुन्हा नवा घ्यावा लागे. देशातील चांदी त्या वाटेने बाहेर जाई. ती परत येई कशाने? कापडाने. एकाच धक्क्यावर घोडा उतरे आणि कापडाचा गठ्ठा चढे. म्हणजे राजाची हौस आणि विणकराची मेहनत यांचा जमाखर्च याच खाडीत मिटत होता.

१४९८ साली पोर्तुगीज आले आणि त्यांनी या व्यवहारात एक नवी गोष्ट आणली. व्यापारी समुद्रावर स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगीत, हे पूर्वीही होते. पण सारा समुद्रच आमच्या मालकीचा, असे कोणी म्हटले नव्हते. पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना काढला. तो नसलेले गलबत लुटावे, आणि असलेल्याने आमच्या बंदरात येऊन जकात भरावी, असा हुकूम सुटला. यामुळे इजिप्तच्या सुलतानाचे उत्पन्न बुडू लागले. मिरीचा व्यापार त्याच्या देशातून व्हेनिसला जात असे. त्याने दुरून लाकूड आणवून सुवेझला गलबते बांधली आणि अमीर हुसेनला आरमार देऊन धाडले. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीच्या तोंडाशी लढाई झाली. दीवचा मलिक अयाझ हुसेनला येऊन मिळाला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द अल्मेदा मारला गेला. पुढच्याच वर्षी बापाने दीवला त्याचा सूड उगवला. भूमध्य समुद्रावरच्या मिरीच्या भावासाठी आपल्या खाडीत माणसे बुडाली, हे लक्षात घ्या. महासत्तांची स्पर्धा आपल्या दाराशी आली ती अशी.

१५१६ साली पोर्तुगीजांनी चौलला वखार घातली. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाने त्यांना किल्ला बांधू दिला, आणि त्याच्या मोबदल्यात घोड्यांची आयात चालू राहावी एवढे मागून घेतले. घोड्याच्या लोभाने दारची जागा दिली.

आता मागाकडे येऊ. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलचे रेशमी कापड नावाजलेले होते. गोव्याच्या आर्चबिशपाचा कारकून म्हणून पाच वर्षे राहिलेला लिन्स्खोटेन हा डच गृहस्थ सांगतो की, चीनमधून कच्चे रेशीम येथे येई आणि येथील कारागीर ते कातून विणीत. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६१० च्या आसपासचे वर्णन करतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गोव्याला आणि सर्व हिंदुस्थानला पुरेल इतके रेशमी कापड चौलला होई. लाखेचे काम केलेल्या पेट्या आणि पलंगही येथून जात. चीनचे रेशीम, कोकणातला कारागीर आणि गोव्याचे गिऱ्हाईक! कारखानदारीला यापेक्षा निराळे काय लागते? पोर्तुगीजांनी या कारागिराला माग दिला नव्हता की कसब शिकवले नव्हते. तो त्यांच्या आधीपासून होता. त्यांचे काम फक्त जकात गोळा करण्याचे.

आणि ती जकात गेली कोठे? १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला, त्याच वेळी विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला घातला, आणि कालिकतचा झामोरीनही त्यांस सामील होता. वेढा कित्येक महिने चालला. पोर्तुगीज लेखकांनी निजामशाही फौजेचे आकडे इतके फुगवले आहेत की ते येथे देण्यात अर्थ नाही. पण निजामशाही तोफा खऱ्या होत्या. विजापूरची मलिक-ए-मैदान ही पन्नास टनांहून जड तोफ १५४९ साली अहमदनगरलाच ओतलेली आहे. एवढे धातुकाम जाणणारे कारागीर त्या राज्यात होते आणि त्यांच्या हातून राज्याने करवून घेतली ती तोफ. १५७१ साली वेढा उठला, तह झाला, गाव मात्र भाजून निघाले. त्यानंतर पोर्तुगीजांनी रेवदंड्याचा तट आणि बुरूज भक्कम केले. आपण आज पाहतो ते बांधकाम बरेचसे त्या धास्तीचे आहे.

पुढे निजामशहाने समोरच्या कोरलईच्या डोंगरावर किल्ला उभारला. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो मोठ्या मर्दुमकीने जिंकला आणि जिंकल्यावर त्यांना पेच पडला. एवढ्या किल्ल्यात ठेवायला शिबंदी कोठून आणायची? तेव्हा मधला भाग आणि पाण्याकडचा बुरूज राखून बाकीचे काम त्यांनी पाडून टाकले. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला एका कारखान्याची आठवण झाली. संपाची नुसती चाहूल लागताच तेथल्या मालकांनी कुंपणाची भिंत दुप्पट उंच केली आणि फाटकावर पहारेकऱ्यांची पलटण बसवली. आम्ही वाटाघाटीला बसलो तेव्हा ते म्हणाले, यंत्रांच्या दुरुस्तीला पैसा नाही. ते खोटे बोलत नव्हते. पैसा भिंतीत गेला होता.

पोर्तुगालची स्थिती नेमकी हीच होती. १५८० साली तो देश स्पेनच्या राजाकडे गेला. अमेरिकेची चांदी जहाजे भरभरून येत असताना या राजाने, दुसऱ्या फिलिपने, १५७५ मध्ये आणि पुन्हा १५९६ मध्ये सावकारांचे देणे थकवले, कारण युरोपातल्या लढायांना ती चांदी पुरत नव्हती. त्याच दहा वर्षांत त्याच्याविरुद्ध बंड केलेल्या डचांनी काय केले पाहा. पवनचक्कीवर चालणारी लाकूड कापण्याची करवत त्यांनी काढली. होर्न या गावी त्यांनी ‘फ्लाउट’ नावाचे जहाज बांधले. त्याच्या पोटात माल भरपूर मावे आणि ते चालवायला खलाशी थोडे लागत. वाहतुकीचा खर्च कमी झाला, आणि ज्याचे भाडे कमी त्याच्याकडे माल धावतो. डच साधुसंत होते असा कोणी अर्थ घेऊ नये. १६२१ साली बांदा बेटांत जायफळासाठी त्यांनी केलेली कत्तल अंगावर काटा आणते. पण त्यांच्या तोफेच्या मागे करवत होती, सुतार होता. पोर्तुगीज तोफेच्या मागे उरले होते ते कर्ज. १६२२ साली होर्मुझ गेले, १६४१ साली मलाक्का, १६५६ साली कोलंबो, १६६३ साली कोची. चीनचे रेशीम चौलला येण्याची वाट मलाक्कावरून होती, आणि घोड्यांची होर्मुझवरून.

मग मुंबईचा उदय झाला. १६६५ साली ती इंग्रजांच्या हाती आली, १६६८ साली राजाने कंपनीला सालीना दहा पौंडांवर देऊन टाकली. १६६९ पासून १६७७ पर्यंत तेथे जेरल्ड आंजियर हा गव्हर्नर होता. चौलचे विणकर मुंबईस आणून वसवण्याचे धोरण कंपनीने धरले आणि त्यांच्यासाठी जकातघरापासून किल्ल्यापर्यंत घरांची एक आळी उभारली. डॉ. जर्सन द कुन्हा या विद्वानाने १८७६ साली चौल आणि वसईचा इतिहास लिहिला. तो ज्याला मिळेल त्याने अवश्य चाळावा. विणकर का गेले? चौलला तटाच्या आत गोव्याच्या इन्क्विझिशनची छाया होती. १५६० सालापासून ती संस्था कोणाच्या घरात कोणते धार्मिक कृत्य चालते हे पाहत होती. तटाबाहेर सत्ता बदलत होती, वरचे चौल निजामशाहीकडून विजापूरकडे आणि मग मराठ्यांकडे आले. मुंबईत राहायला घर होते, धर्मात कोणी हात घालणार नाही असे वचन होते. दीवच्या नीमा पारख या व्यापाऱ्याने १६७७ साली असेच वचन लेखी मागून घेतले आणि मिळवले. १६७० नंतरच्या वर्षांत मुंबईची वस्ती साठ हजारांवर गेल्याचे फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर सांगतो. विणकर बिऱ्हाड हलवतो तेव्हा त्याचे कसब त्याच्या बोटांतून त्याच्याबरोबर जाते. तटाला पाय नसतात.

येथे कोणी विचारील, आंजियरने तोफा नाही का बसवल्या? बसवल्या. बुरूजही बांधले, फौजही उभी केली. शस्त्राशिवाय बंदर टिकते असे मी म्हणतच नाही. तसे असते तर आंग्र्यांना आरमार कशाला लागले असते? १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि कान्होजी आंग्र्यांनी त्यांना परतवले. मुद्दा निराळा आहे. शस्त्रावर घातलेला पैसा कोणाच्या हातून खर्च होतो आणि लढाई संपल्यावर मागे काय राहते? १७३६ साली लवजी वाडिया हा पारशी सुतार सुरतेहून मुंबईच्या गोदीत आला. त्याच्या वंशजांनी इंग्रज आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली. १८१७ साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. त्या खर्चातून येथे एक गोदी राहिली, सुतारांच्या पिढ्या तयार झाल्या. निजामशहाने घोड्यावर घातलेल्या खर्चातून मात्र मागे काही राहिले नाही.

आणि तलवारीवाचूनही स्पर्धा करता येते, हे आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहिले. बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीज मुलखातून येणारे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे जातात, तेव्हा त्यावर जबर जकात बसवून ते आपल्या मिठापेक्षा महाग पाडावे, असा त्या पत्राचा आशय आहे. मिठागरात राबणाऱ्या आगरी-भंडाऱ्यांची भाकर त्या जकातीवर अवलंबून होती. संरक्षक जकातीवर मी मोठमोठी पुस्तके वाचली आहेत, पण त्या पत्राइतके थोडक्यात कोणी सांगितलेले नाही.

आजची गोष्ट सांगायची तर, स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेने २०२४ सालचा जगाचा लष्करी खर्च २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलरांच्या घरात मोजला. अमेरिकेचा त्यातला वाटा ९९,७०० कोटींचा आणि चीनचा अंदाजे ३१,४०० कोटींचा. म्हणजे शस्त्रखर्चात अमेरिका तिप्पट पुढे. पण त्याच वर्षी जगात बांधलेल्या व्यापारी जहाजांच्या निम्म्याहून अधिक वजन चीनच्या गोद्यांतून उतरले. अमेरिकेचा वाटा शेकड्यात एकही भरत नाही. चीनचे आरमारही त्याच गोद्यांच्या जोरावर वाढते आहे, तेव्हा तो देश शांततेचा पुजारी आहे असे समजून आपण निर्धास्त राहण्याचे कारण नाही. सोव्हिएट रशियाजवळ १९९१ साली अण्वस्त्रांची कमतरता नव्हती. दुकानातल्या फळ्या मात्र रिकाम्या होत्या. आपल्या देशाचा नंबरही या खर्चात जगात पाचवा लागतो. संरक्षणाचा अंदाजपत्रकी आकडा वाचताना, त्यातले किती आपल्या कारखान्यात आणि आपल्या माणसाच्या हातून घडणार, आणि किती घोड्यासारखे जहाजातून उतरणार, हे विचारण्याचा हक्क करदात्याला आहे. कामगाराला तर आहेच.

चौलचा शेवट सांगतो आणि आपली रजा घेतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल व कोरलई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीजांनी मोठ्या कष्टाने बांधलेला रेवदंड्याचा तट कागदावर हवाली झाला. तोपर्यंत चौलहून गेलेल्या विणकरांची तिसरी-चौथी पिढी मुंबईत नांदत होती. तटाच्या आत आता वाड्या आहेत, विहिरींवर पंप चालतात. खाडीपलीकडे कोरलई गावात काही ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली एक बोली अजून घरात बोलतात, आणि समुद्राला उधाण नसेल त्या दिवशी मासळीला जातात.