यादी संपली, संग्रह नाही

एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात मनगटी घड्याळं बनवायला घेतली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांचा हा उद्योग बंद करायला मंजुरी दिली. नवं काही निघणार नाही, तेव्हा संग्राहकाने हिशेब पुरा करून मोकळं व्हावं, असं कुणालाही वाटेल.

पण एचएमटीचं एकटं ‘जनता’ मॉडेलच घ्या. रोज चावी द्यावी लागणारं साधंसुधं घड्याळ. तरी कुठे इंग्रजी आकडे, कुठे देवनागरी. तबकडीचा रंग बदलला की शौकिनाच्या लेखी घड्याळही वेगळं.

त्यात मुंबईची करामत! जुन्या स्विस किंवा एचएमटी यंत्रावर नव्याने रंगवलेली तबकडी चढवायची आणि विकायचं. परदेशी संग्राहक यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणत नाक मुरडतात. भिंग लावलं की अक्षरं जाडसर आणि मिनिटांच्या रेघा वाकड्या दिसतात. असं एखादं हाती लागलं, की भरलेला खण पुन्हा रिकामा.

घड्याळंच कशाला, कुठलाच संग्रह पुरा होत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती जमवायला सुरुवात केली. १९६० पर्यंत संग्रह १५ हजारांच्या घरात गेला; पुढे त्यांनी तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. आज त्यांच्या संग्रहालयात २० हजारांवर वस्तू आहेत. मांडायला जागा मिळते ती जेमतेम अडीच हजारांना.