वऱ्हाडच्या सीमेवरील 'कलदार'

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील चांदीच्या नाण्यांचा कस उतरला. इंग्लंडने १९२० साली तो हजारी ९२५ वरून ५०० वर आणला. फ्रान्सच्या युद्धपूर्व पाच फ्रँकांच्या नाण्यात तो ९०० होता. १९२९ पासूनच्या दहा व वीस फ्रँकांच्या नाण्यांत ६८० राहिला. याच काळात हिंदुस्थानचा सरकारी रुपया मात्र एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, वजनाचा व बारांत अकरा भाग शुद्ध चांदीचा राहिला. १९४० साली त्याचाही कस निम्म्यावर आला आणि १९४१ ते १९४३ या काळात जुने रुपये चलनातून काढून घेण्यात आले. बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या नाण्यांचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा.

वऱ्हाडचा कारभार १८५३ साली इंग्रजांकडे आला. परंतु बुलढाण्याच्या दक्षिणेस निझामाचे राज्य होते व तेथे हाली शिक्का चाले. हाली रुपया वजनाने व कसाने उणा. सहा सरकारी रुपयांस सुमारे सात हाली, असा त्याचा भाव असे. 'रुपया' या एका नावाची दोन नाणी शेजारी नांदत असल्याने सरकारी रुपयास 'कलदार' हे विशेषण लागले. 'कल' म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपयाही यंत्रावर पडू लागला. तरीही तो कलदार झाला नाही. यावरून या शब्दाचा अर्थ घडणीवरून कसाकडे व सत्तेकडे सरकला होता, हे स्पष्ट होते.

संग्राहकाने आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पंचम जॉर्जच्या छापाचा रुपया १९२२ नंतर अनेक वर्षे पाडला गेला नाही. तेव्हा नाण्यावरील १९२० हे साल म्हणजे ते पुरून ठेवल्याचे साल नव्हे. राणीछाप, राजाछाप व हाली नाणी एकत्र कोणत्या प्रमाणात सापडली, यावरूनच त्या घरच्या व्यवहाराची दिशा व काळ यांचा काही अंदाज बांधता येतो.

खामगाव आजही चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. असा संचय सराफाच्या मुशीत गेला, की चांदीचे मोल तेवढे हाती येते. दुर्मिळ सालांचीच नाणी वेचून उरलेली विकली, तरी परिणाम तोच. म्हणून संचय फोडण्यापूर्वी गाव, जागा, प्रत्येक छापाची संख्या आणि घरातील वृद्धांच्या तोंडी असलेली नाण्याची नावे यांची नोंद व्हावयास हवी. नाणे अन्यत्रही मिळेल. ही साक्ष मात्र पुन्हा मिळणार नाही.