अंगचे गुण आणि पत्रिकेतील गुण

मराठीत 'गुण' हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो. माणसाच्या अंगी असतो तोही गुण आणि परीक्षेच्या पत्रिकेत मिळतो तोही गुण. शुश्रूषेच्या व्यवसायाचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास हा या दोन अर्थांमधील ओढाताणीचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते. आज अमेरिकेत पदव्युत्तर परिचर्या शिक्षणासाठी धडपडणारी एखादी मुलगी रसायनशास्त्रात 'बी' श्रेणी मिळाली म्हणून रात्र रात्र तळमळते. परिचारिका होऊन परदेशी गेलेल्या लेकी आपल्या समाजातही आहेत. त्यामुळे ही तळमळ आपल्या घरांनाही परकी नाही. तिचे मूळ समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. तेथील अधीक्षिका सारा वॉर्डरोपर प्रत्येक उमेदवार मुलीची मासिक नोंद ठेवीत असत. मलमपट्टी करणे, जळवा लावणे, रुग्णाचा बिछाना घालणे ही कौशल्ये त्या नोंदीत असत, तसेच वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा आणि स्वच्छता हेही रकाने असत. उत्कृष्ट, चांगले, मध्यम, अपुरे आणि शून्य अशा पायऱ्यांनी ही मोजदाद होई. अंगचे गुण आणि शिकलेले काम अशी दोन्ही त्या एकाच कागदावर नांदत होती.

पुढे मात्र वाद पेटला. 1887 साली श्रीमती बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश परिचारिकांची संघटना स्थापन झाली. ठरावीक शिक्षण, परीक्षा आणि अधिकृत नोंदवही ही तिची मागणी होती. नाइटिंगेल यांनी तिला कसून विरोध केला. परीक्षेने ज्ञान तपासता येईल, परंतु रुग्णाच्या उशाशी लागणारे शील कसे तपासणार, हा त्यांचा प्रश्न होता. प्रतिपक्षाचे उत्तरही तितकेच सबळ होते. नोंदवही नसेल तर शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण, हे बिचाऱ्या रुग्णाने कसे ओळखावे? काळाने कौल दिला तो परीक्षेच्या बाजूने. न्यूझीलंडने 1901 मध्ये परिचारिका नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला, तर ब्रिटनमध्ये तो 1919 साली आला.

परीक्षेची गरज किती खरी होती, हे भूल देणाऱ्या परिचारिकांच्या कथेवरून ध्यानी येते. अमेरिकेतील या शाखेच्या इतिहासात पहिले नाव घेतले जाते ते एका कॅथलिक धर्मभगिनीचे. सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी 1877 साली पेनसिल्व्हेनियातील ईरी येथील सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात हे काम हाती घेतले. पुढे रॉचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात अ‍ॅलिस मॅगॉ यांनी हजारो रुग्णांना भूल दिली आणि 1906 मध्ये चौदा हजारांहून अधिक भुलींचा अनुभव प्रसिद्ध केला. तरीही या स्त्रियांच्या अधिकाराला आव्हान दिले गेलेच. हे काम केवळ डॉक्टरांचे, असे म्हणत वाद न्यायालयापर्यंत गेले. 1917 साली केंटकीच्या आणि 1936 साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने परिचारिकांच्या बाजूने निकाल दिला.

दरम्यान अ‍ॅगाथा हॉजिन्स यांनी 1915 मध्ये क्लीव्हलंडला या विषयाची शाळा काढली आणि 1931 मध्ये राष्ट्रीय संघटना उभारली. 1945 साली पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली. ज्यांच्या ज्ञानाबद्दल उघड शंका घेतली जात होती, त्यांच्या हाती आता पुरावा आला. गुणपत्रिका ही त्यांच्यासाठी बेडी नव्हती, ती ढाल होती. वशिल्याने किंवा एखाद्या शल्यचिकित्सकाच्या मर्जीने मिळणारी जागा आता स्वतःच्या अभ्यासाने मिळवता येऊ लागली.

ढाल मात्र वर्षागणिक जड होत गेली. 1998 पासून या शाखेला पदव्युत्तर पदवी अनिवार्य झाली, तर 2022 पासून नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेटचाच अभ्यासक्रम घ्यावा लागतो. जागा थोड्या आणि इच्छुक फार. बहुतेक ठिकाणी चारपैकी किमान तीन गुणसरासरी मागतात. निवड होणाऱ्यांची सरासरी बहुधा त्याहून वरच असते. येथेच मुलींची झोप उडते.

पण याच प्रवेशद्वारावर दुसरी अटही लिहिलेली आहे, तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष काम केल्याशिवाय या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. आपल्याकडेही एम.एस्सी. परिचर्येसाठी पदवीला 55 टक्के गुणांबरोबर एका वर्षाचा अनुभव मागितला जातो. शिफारसपत्रे आणि मुलाखत असते ती वेगळीच. वॉर्डरोपरबाईंच्या कागदावरील तो जुना रकाना पुसला गेलेला नाही, त्याचे नाव तेवढे बदलले आहे.

म्हणून ज्या घरात अशी चिंता वसतीला आली असेल, तेथे दोन गोष्टी सांगाव्यात. गुणांना तुच्छ लेखू नये. औषधाच्या मात्रेतील चूक रुग्णाच्या जिवावर बेतते आणि अभ्यासातील शिस्त तेथे कामास येते. पण एका श्रेणीने आयुष्याचा निकाल लागतो, असेही मानू नये. कित्येक संस्था शेवटच्या वर्षांतील प्रगती स्वतंत्रपणे पाहतात, विज्ञान विषयांची सरासरी वेगळी काढतात आणि पुन्हा दिलेला विषयही विचारात घेतात. कमी पडलेला विषय पुन्हा अभ्यासणे यात कमीपणा नाही.

नाइटिंगेल आणि फेनविक या दोघींचेही म्हणणे अर्धे अर्धे खरे ठरले. पत्रिकेतील गुण दार उघडतात. मध्यरात्री रुग्णाचा श्वास मंदावतो तेव्हा त्याच्या उशाशी जी जागी असते, तिला मात्र दोन्ही गुण लागतात.