जेमतेम ओलं पोटॅश

जिना उतरा. लंडनच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचं हे तळघर आणि आजची तारीख ६ ऑक्टोबर १८०७. लाकडी हौदांत तांब्या-जस्ताचे चौकोनी पत्रे ओळीनं उभे आहेत आणि तुरटी-आम्लाचं द्रावण त्यांना हळूहळू खातंय. ६ इंची पत्र्यांच्या १०० जोड्या, ४ इंचींच्या १५०. हात लावू नका. जोडीमागे एक व्होल्टच्या आसपास धरलात, तर या दोन तारांमध्ये दोनशेच्या वर व्होल्ट आहेत.

टेबलाशी वाकलेला तो २८ वर्षांचा माणूस म्हणजे हम्फ्री डेव्ही. मदतीला नात्यातला भाऊ एडमंड. दाहक पोटॅश हा मूळ पदार्थ नसावा, त्याच्या पोटात आणखी काही असावं, अशी शंका रसायनज्ञांना बरीच वर्षं आहे. फोडायचं कसं, हे मात्र कुणाला जमलेलं नाही.

बी.एस्सी.च्या पुस्तकातला तक्ता तुम्हाला पाठ आहे: पोटॅशियम, उणे २.९३ व्होल्ट. इथे तसला तक्ता नाही. इलेक्ट्रॉन सापडायला अजून ९० वर्षं आहेत. डेव्हीला सगळं डोळ्यांनी आणि नाकानंच शोधायचंय.

आधी त्यानं पोटॅश पाण्यात विरघळवून त्यात तारा सोडल्या होत्या. ऋण तारेशी हायड्रोजन, धन तारेशी ऑक्सिजन. फुटलं ते नुसतं पाणी. का, ते तुम्ही सांगू शकता. अल्कधर्मी द्रावणात पाण्याचं क्षपण उणे ०.८३ व्होल्टला होतं. ऋणाग्राशी पाणी आणि पोटॅशियमचे आयन दोघंही हजर असले, की इलेक्ट्रॉन पाणी घेतं. पोटॅशियमची पाळी येतच नाही.

मग पाणी वगळावं. पण साफ कोरडं पोटॅश वीज वाहूनच नेत नाही: घन स्फटिकात आयन आहेत, पण जागच्या जागी जखडलेले. म्हणून त्यानं प्लॅटिनमच्या चमच्यात पोटॅश वितळवून पाहिलं. ज्वाळा उठल्या, बुडबुडे वर येऊन पेटले. काहीतरी नक्की जन्मत होतं आणि त्याच क्षणी जळून जात होतं. हाताला काही लागलं नाही.

आजची युक्ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्यानं पोटॅशचा एक छोटा तुकडा काही क्षण हवेत उघडा ठेवलाय. पोटॅश हवेतलं बाष्प ओढून घेतं, तसा तुकड्याचा पृष्ठभाग जेमतेम ओलावलाय. विजेला वाट मिळेल एवढंच पाणी. तिचं सगळं काम बळकावेल एवढं नाही. तुकडा प्लॅटिनमच्या चकतीवर ठेवलाय, चकती ऋण टोकाला जोडलीय. धन टोकाची प्लॅटिनमची तार आता तो वरून टेकवतोय.

जवळ या, पण डोळे सांभाळा. तुकडा दोन्हीकडून वितळायला लागलाय. विजेच्याच उष्णतेनं रस होतोय आणि त्या रसात आयन मोकळे सुटलेत. आता ओलाव्याची गरज संपत चाललीय. वर तारेशी जोरानं फसफसतंय: हायड्रॉक्साइड आयन इलेक्ट्रॉन सोडतायत, ऑक्सिजन निघतोय. आणि खाली? खाली वायू नाही. चकतीलगत पाऱ्यासारखे लखलखीत थेंब उमटतायत. काही फट्‌कन फुटून झगझगीत ज्योतीनं जळतात, काहींची झळाळी बघता बघता मावळून त्यांच्यावर पांढरी साय धरते.

तुमच्यासमोर पोटॅशियम आहे, पृथ्वीवर पहिल्यांदाच कुणीतरी वेगळं काढलेलं. डेव्ही खोलीभर नाचतोय, अक्षरशः नाचतोय. पुढचा प्रयोग करण्याइतका तो शांत व्हायला थोडा वेळ लागेल, ही हकिकत पुढे एडमंडच सांगणार आहे.

तेवढ्यात तुम्ही मनात हिशेब करून पाहा. एक अँपिअरचा प्रवाह मिनिटभर वाहिला आणि सगळा याच कामी आला, तर ६० कूलोम म्हणजे साधारण २४ मिलिग्रॅम पोटॅशियम. हा हिशेब ज्याच्या नियमांनी होतो, तो मायकल फॅरडे नुकताच १६ वर्षांचा झालाय आणि याच शहरात पुस्तकबांधणी शिकतोय.

डेव्ही परत टेबलाशी आलाय. पाण्यावर टाकलेला थेंब तडतडत धावतो, पेटतो. म्हणून धातू सांभाळायला तो नॅफ्था वापरेल. काही दिवसांत याच रीतीनं सोडियम निघेल. चुना मात्र एवढ्यानं वश होणार नाही. पुढच्या वर्षी त्यासाठी ऋण टोकाशी पारा ठेवावा लागेल, म्हणजे कॅल्शियम जन्मताच पाऱ्यात मुरेल, आणि मग पारा उडवून ते वेगळं करता येईल.