‘चांदोबा’तला वेताळ : न संपणाऱ्या गोष्टीचं बळ आणि उणेपण

आजचा विषय काहींना पोरकट वाटेल. ‘चांदोबा’ मासिकातली विक्रम-वेताळाची मालिका. मेलेलं माणूस उठतं ही कल्पना तुमच्या नातवंडांना झोंबीच्या चित्रकथांमधून आणि सिनेमांमधून माहीत आहे. २०२२ साली तर ‘झोंबिवली’ नावाचा मराठी सिनेमाही आला. पण त्याआधी कित्येक दशकं एक प्रेत दर महिन्याला आपल्या घरी येतच होतं. ते इतकी वर्षं टिकलं कसं, आणि टिकता टिकता त्यानं काय गमावलं, हे आज बघायचं आहे.

आधी मूळ कथा. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. क्षेमेंद्र, शिवदास, जंभलदत्त यांनीही त्या आपापल्या परीनं सांगितल्या. सोमदेवाचा राजा उज्जैनचा नाही बरं का. तो गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा त्रिविक्रमसेन. क्षांतिशील नावाचा भिक्षू त्याला रोज एक फळ आणून देतो. एके दिवशी माकडानं ते फोडलं तर आतून रत्न पडलं. राजा ओशाळला, म्हणाला, तुला काय हवं? भिक्षू म्हणाला, स्मशानातल्या झाडावर एक प्रेत लटकलंय, तेवढं आणून दे. राजा निघाला. प्रेतात वेताळ होता. पुढची रीत तुम्हाला पाठ आहे. तो गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि उत्तर दिलंस तर मी पुन्हा झाडावर.

या कथा मराठी छापखान्यात फार लवकर आल्या. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळ पंचविशी’ १८३० च्या सुमाराची. पण घराघरांत वेताळ नेला तो मद्रासच्या मासिकानं. जुलै १९४७ मध्ये नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक सुरू केलं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ आली. कोडवटिगंटी कुटुंबराव हे १९८० पर्यंत संपादनाचा कणा होते. आणि चित्रं शंकर यांची. उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, मागे काळोख. अक्षरओळख नसलेलं पोरही ते चित्र पाहून दचकायचं आणि पुन्हा तेच पान उघडायचं. आमच्या लहानपणी एक अंक चार घरं फिरायचा, आणि आमच्या हाती येईपर्यंत वेताळाचं पान सुटं झालेलं असायचं.

आता या मालिकेचं बळ कशात होतं? इथं झोंबीशी तुलना उपयोगी पडते. झोंबी हा शब्द हैतीतून आला. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या गुलामांच्या त्या बेटावर मरणानंतरही गुलामी सुटणार नाही, ही भीती त्यामागे आहे. म्हणजे झोंबी हे मन काढून घेतलेलं शरीर. वेताळ नेमका उलटा. तो परक्या मढ्यात शिरलेलं जागं मन आहे. झोंबी चावतो, वेताळ विचारतो. झोंबीपासून पळता येतं. वेताळाला खांद्यावर घेऊनच चालावं लागतं. मुलांच्या मासिकानं मुलांना दर महिन्याला एक अडचण द्यावी, कोण बरोबर, कोण जास्त दोषी, कुणाचा त्याग मोठा, हे लहान काम नव्हे. उत्तर वाचण्याआधी पान झाकून आपलं उत्तर ठरवायचं, हा खेळ अनेक घरांत चालत असे. नीतिशास्त्राचा पहिला तास आम्हीही तिथंच बसलो.

काही प्रश्न तर खरोखर खोल आहेत. नवरा आणि भाऊ यांची मुंडकी उडालेली. देवीच्या वरानं जोडायची तर बाईनं गडबडीत अदलाबदल केली. आता नवरा कोणता? राजा म्हणतो, ज्याला नवऱ्याचं डोकं आहे तो. कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. याच कथेच्या धाग्यावर थॉमस मान यांनी १९४० मध्ये कादंबरी लिहिली आणि गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’ नाटक. वर्गात हा प्रश्न आम्ही फळ्यावर लिहीत असू, आणि राजाचं उत्तर पुरेसं नाही हे मुलांना पाच मिनिटांत कळायचं.

बरं, आता उणी बाजू. मूळ कथा पंचवीस. मासिक निघतं महिन्याला एक. म्हणजे दोन वर्षांत सगळा साठा संपला. तेव्हा नव्या-जुन्या इतर कथा त्याच चौकटीत बसवल्या गेल्या. त्यांतल्या काही उत्तम होत्या, काहींच्या शेवटी प्रश्न नुसता चिकटवलेला असे. पण खरा तोटा वेगळाच झाला. मालिका चालू ठेवायची म्हणून शेवट काढून टाकावा लागला.

सोमदेवाकडे शेवट असा आहे. चोविसाव्या खेपेला वेताळ विचारतो : बापानं मुलीशी लग्न केलं, त्याच्या मुलानं त्या मुलीच्या आईशी. दोघींना मुलं झाली. ती एकमेकांची कोण? राजा विचार करतो, उत्तर सापडत नाही, आणि तो गप्प चालत राहतो. पहिल्यांदाच गप्प! वेताळ प्रसन्न होतो आणि सांगतो, राजा, तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, आधी करून दाखव. राजा तसंच करतो आणि वाचतो.

बघा, या शेवटात दोन गोष्टी आहेत. एक, काही प्रश्नांना उत्तर नसतं, आणि तिथं गप्प राहणं हेही ज्ञानच. दुसरी त्याहून महत्त्वाची : आपण हे ओझं कुणासाठी वाहतोय, हे राजाला कळतं. ‘चांदोबा’त राजा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत राहिला. भिक्षू पडद्याआड गेला. एक शूर, हुशार माणूस कुणा लबाडाच्या कामासाठी वर्षानुवर्षं स्मशानात खेपा घालतो आहे, आणि आपण दर महिन्याला त्याच्या चिकाटीचं कौतुक करतो आहोत! आज्ञा पाळणारा, उत्तरं पाठ असलेला, पण ‘कशासाठी?’ न विचारणारा माणूस आपल्या शाळांनी आणि कचेऱ्यांनी किती घडवले, हे तुम्हीच आठवून बघा. त्याचा दोष मासिकावर टाकायचा नाही; पण आपल्याला ती गोष्ट शेवटाशिवाय खटकली नाही, हे खरं.

परदेशातही हाच पेच दिसतो. रॉबर्ट कर्कमनची ‘द वॉकिंग डेड’ ही चित्रकथा ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झाली. झोंबीचा सिनेमा दोन तासांत संपतो, आपली गोष्ट पुढं चालत राहावी, हीच त्याची इच्छा होती. तिचं बळ असं की मढी मागे पडतात आणि जिवंत माणसं एकमेकांशी कशी वागतात हे पुढं येतं. उणीवही तिथंच : आसरा सापडतो, शत्रू येतो, आसरा मोडतो, पुन्हा वाट धरायची. पण जुलै २०१९ मध्ये, १९३व्या अंकाला, आधी काहीही न जाहीर करता त्यानं ती संपवली. मालिका लोकप्रिय असताना. ते धैर्य आपल्या वेताळाच्या वाट्याला आलं नाही. २००७ मध्ये मासिक मुंबईच्या एका कंपनीकडे गेलं आणि पुढच्या काही वर्षांत बंदच पडलं.

आपल्या कोकणानं मात्र वेताळाला वेगळं सांभाळलं. वेंगुर्ल्याजवळचं आरवली १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. तिथला वेतोबा भूत नाही, गावाचा राखणदार आहे. रात्री तो गावाच्या वेशी फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला मोठाल्या चामडी वहाणा वाहतात, केळ्यांचे घड देतात. म्हणजे इथं माणूस वेताळाला वाहत नाही, वेताळच गावासाठी चालतो. सोमदेवाच्या कथेतही वेताळ शेवटी राखणदारच ठरतो. मासिकात तेवढं पान यायचं राहिलं.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच. घरात जुने अंक असतील तर मुलांना जरूर द्या. त्या प्रश्नांची गोडी अजून गेलेली नाही. पण सोबत चोविसावी कथाही सांगा, आणि भिक्षूचं काय झालं तेही. सोमदेव म्हणतो, या कथा जिथं सांगितल्या जातील तिथं भुताखेतांचं काही चालणार नाही. पण त्यासाठी त्या शेवटापर्यंत सांगायला हव्यात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.